ऑक्टोबरातली बिअर

सातवीण फुलली की मला कळतं, ऑक्टोबर आला. अंधेरीला आमच्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर तिची चार-पाच झाडं आहेत. दिवसभर धूळ खात उभी असतात, कुणी मान वर करून बघत नाही. ऊन उतरलं की मात्र त्यांचा वास रस्ताभर सुटतो. गोड, जड, थोडासा औषधी. ऑफिसातल्या मुली म्हणतात, "काय भारी वास येतोय ना, मॅडम!" मी हो म्हणते आणि ओढणी नाकाला लावते. मला त्या वासानं मळमळतं.

ऑक्टोबर तसाही मुंबईत कुणाचा लाडका नाही. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, मधल्या मध्ये उन्हाळा पुन्हा एकदा येऊन बसलेला. भिंती वाळायला लागतात आणि घरातून कुबट वास येतो. मुलुंडला आमच्या सोसायटीत या दिवसांत प्रत्येक गॅलरीत गाद्या पसरलेल्या असतात, कठड्यावर बुरशी लागलेल्या चपला, पर्स, कातडी पट्टे. लोक सगळं उन्हात काढतात. काही वस्तू उन्हानं सुधारतात, काहींचा फक्त रंग उडतो.

मी आरोग्य विम्याच्या कंपनीत क्लेम तपासते. पावसाळ्यातले डेंग्यू, मलेरिया, लेप्टो हे सगळे ऑक्टोबरात कागद होऊन आमच्या टेबलांवर येतात. कोण किती दिवस अ‍ॅडमिट होता, प्लेटलेट्स कुठवर उतरल्या, हे वाचत बसायचं आणि कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही, ते ठरवायचं. नाही म्हणायची वाक्यं तयार असतात. त्यांतलं एक मी नोकरीला लागल्यापासून कितीदा पाठवलं असेल, देव जाणे: वंध्यत्वावरील उपचार पॉलिसीच्या कक्षेत येत नाहीत. पहिली काही वर्षं ते नुसतं एक वाक्य होतं.

काही वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात आमचा शेवटचा प्रयत्न चालू होता. प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटात ठेवला होता आणि दोन आठवडे वाट बघायची होती. शेवटचा, कारण बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "यानंतर मी तुम्हाला हो म्हणणार नाही, शुभांगी. शरीराचंही काही असतं ना." मी बेचाळीसची होते. माझा नवरा महेश त्रेचाळीसचा. तो मुलुंडलाच एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं बनतात.

वाट बघायची म्हणजे काय, हे ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळत नाही. आपण काहीच करत नसतो आणि तरी सगळा वेळ काहीतरी करत असतो. जिना हळू चढायचा. पपई नको, तीळ नकोत, कॉफी नको. शिंक आली तरी पोटावर हात जातो. बाथरूमला जायची भीती वाटते. ऑफिसात कुणी मोठ्यानं बोललं की मी मनात म्हणायची, हळू बोला. कुणासाठी हळू, ते मनातसुद्धा उच्चारायचं नाही.

आणि निकालाचा तो आठवडा नेमका फार वाईट होता. क्लेम तुंबले होते. वरून रोज मीटिंग, रोज तेच: इतके का राहिले, कुणामुळे राहिले. बुधवारी घाटकोपरच्या एका गृहस्थाचा फोन आला. त्याच्या बायकोचा क्लेम मी नाकारला होता, त्याच वाक्यानं. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, हा आजार नाही तर मग काय आहे, तेवढं सांगा. म्हणजे मी घरी जाऊन तसं सांगतो." मी म्हटलं, "सर, पॉलिसीत बसत नाही." त्यानं फोन ठेवला. मी पुढची फाइल उघडली. काय करणार होते?

शुक्रवारी सकाळी रक्त देऊन ऑफिसला गेले. निकालाचा फोन दुपारी आला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात बोलत होती. "मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. डॉक्टर म्हणाल्यात, गोळ्या बंद करा." मी थँक्यू म्हटलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी चहा सांडला होता आणि सफाईवाली मावशी पुसत होती. ती पुसून होईपर्यंत मी तिथेच उभी होते. मग महेशला फोन लावला.

"नाही झालं," मी म्हटलं.

मागे मशिनींचा आवाज येत होता. तो बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"बरं," तो म्हणाला. "तू निघू नको. मी येतो अंधेरीला."

"कशाला? घरीच भेटू ना."

"घरी आई आहे," तो म्हणाला.

साडेपाचला तो ऑफिसच्या खाली उभा होता. कारखान्याचाच शर्ट, बाहीवर ग्रीसचा डाग. स्कूटरवरून पवईमार्गे आल्यामुळे केस धुळीनं ताठ झालेले. आम्ही एकमेकांकडे नीट बघितलं नाही. चालायला लागलो, कुठे ते न ठरवता. सातविणीचा तो वास मला त्या संध्याकाळपासून सोसत नाही.

मागच्या गल्लीत जुने औद्योगिक गाळे आहेत. त्यांतल्या एका मोठ्या गाळ्यात बिअरचा कारखाना आणि बार एकत्र काढला होता. मी त्याच्यासमोरून रोज जायची. काचेतून तांब्याच्या मोठमोठ्या टाक्या दिसायच्या आणि शुक्रवारी आमच्या ऑफिसातली पोरं तिथेच धावायची. महेश दारासमोर थांबला.

"बिअर पिऊया?"

"मी?"

"आता काय प्रॉब्लेम आहे?" तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कळलं. "सॉरी गं."

"नाही रे, बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "चल."

उपचार सुरू झाल्यापासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. त्याआधी मित्रांबरोबर मुलुंडच्या परमिट रूममध्ये बसायचा, महिन्यातून एकदा, स्ट्राँग बिअर आणि चणे. मी लग्नाआधी गोव्याला मैत्रिणींबरोबर अर्धा ग्लास घेतला होता, तेवढाच. आत गेलो तर थंडगार हवा, उंच छत, पाव भाजताना येतो तसा धान्याचा वास. सगळे आमच्यापेक्षा लहान. आम्हाला कोपऱ्यात उंच स्टुलं मिळाली. माझे पाय लोंबकळत होते.

ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी आधी इंग्रजीत बोलली, मग आमच्याकडे बघून मराठीत. "ताई, पहिल्यांदाच आलात का? मग सगळ्या थोड्या थोड्या ट्राय करा. आवडेल ती मोठी घ्या." तिनं लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आणून ठेवले. एकीत गहू होता, गढूळ पिवळी. हिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, ती म्हणाली, आणि खरंच येत होता. एकीत कोकम, गुलाबी. एक काळी, जळक्या कॉफीसारखी. आणि एक तांबूस, तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही कडू आहे हं. सगळ्यांना नाही आवडत."

मग तिनं सहज विचारलं, "काही सेलिब्रेशन आहे का आज?"

महेशनं माझ्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला. "सुट्टी लागली आम्हाला."

"झकास!" ती म्हणाली आणि गेली.

मी कडू ग्लास आधी उचलला. का कोण जाणे. इतकी वर्षं डॉक्टर सांगतील ते गिळत आले होते, म्हणून असेल. पहिल्या घोटाला जीभ आक्रसली. संत्र्याची साल दातानं चावावी तसं काहीतरी, मागून लिंबाच्या फुलोऱ्यासारखा वास, आणि मग नुसता कडूपणा, घशाच्या तळाशी बराच वेळ राहणारा. मी आणखी एक घोट घेतला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती.

"कसली आहे?" महेशनं विचारलं.

"कडू जहर."

"मग बाजूला ठेव."

"नाही. आवडली मला."

त्यानं घोट घेऊन असं तोंड केलं की मला हसू फुटलं. मी हसले म्हणून तोही हसला. मग आम्ही कितीतरी वेळ त्या चार ग्लासांवरून भांडत होतो. त्याचं म्हणणं, कोकमाची म्हणजे सरबतात फेस घातलाय, हिला बिअर म्हणायचं तर आपल्या आईला ब्रुअरी काढून द्यायला हवी. माझं म्हणणं, काळीला जळक्या भाताचा वास येतो. आजूबाजूला पोरं आपापल्या बॉसला शिव्या देत होती. आमच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, दमलेलं नवराबायकोचं जोडपं आठवडा उतरवायला आलंय.

"मला वाटलं होतं आपण रडू," महेश म्हणाला.

"मलापण."

"मी नाव पण नव्हतं ठरवलं या वेळी. मागच्या वेळी ठरवलं होतं."

"काय ठरवलं होतंस?"

तो मान हलवून म्हणाला, "राहू दे ना." आणि मोठ्या ग्लासाची ऑर्डर दिली. ते नाव त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

स्कूटर तिथेच ठेवून आम्ही रिक्षानं निघालो. जोगेश्वरीवरून आत वळलो, आरेची झाडी गेली, पवईचा तलाव आला. माझं डोकं हलकं झालं होतं. रिक्षात वारा लागत होता आणि महेशचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तेव्हा क्षणभर वाटलं, संपलं ते बरं झालं. आता आपण माणसांसारखे राहू. शुक्रवारी बिअर पिऊ, पपई खाऊ, कुठेतरी डोंगरात जाऊ. हे वाटणं कांजूरपर्यंत टिकलं असेल.

सासूबाईंनी दार उघडलं. त्या मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, तोवर त्या परळच्या चाळीत राहिल्या; तिथून मुलुंडला आल्या तरी बोलणं गावचंच राहिलं. दारातच त्यांना वास आला.

"प्यालास काय रे?"

"होय गे," महेश म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तूय?"

"हो, आई."

त्यांना कळलं. त्यांनी आत जाऊन पानं घेतली. घरभर नारळाचा आणि वेलचीचा वास होता. त्यांनी शिरवाळे केले होते. तांदळाच्या उकडीच्या शेवया, वर गूळ घातलेला नारळाचा रस. ते करायला दोन माणसं लागतात, एकानं लाकडी साचा धरायचा, दुसऱ्यानं दाबायचा. त्यांनी एकटीनंच केले होते. मनगटाला फडकं बांधलेलं होतं. सणावाराशिवाय त्या शिरवाळे करत नसत.

"माका वाटला, आज बातमी येतली," त्या म्हणाल्या. मग वाट्या पुढे सरकवल्या. "खावा. केलंय तर खावा आता."

आम्ही खाल्ले. घशात अजून तो कडूपणा होता आणि त्यावरून गोड रस उतरत होता. महेश खाली मान घालून भराभर जेवला, लहान मुलासारखा. सासूबाईंनी मला दुसऱ्यांदा वाढलं आणि वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "बरा केलंस. इतकी वर्षा सोसलंस." तेव्हा मला रडू आलं. बिअर पिताना आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. तो सगळा ऑक्टोबर आणि दिवाळीपर्यंतचा नोव्हेंबर माझ्या आठवणीत शुक्रवारांचाच आहे. सोमवार ते गुरुवार नुसते ढकलायचे. मीटिंगमध्ये वरचा साहेब टेबलावर पेन आपटत असला की मी मनात तो तांबूस ग्लास बघायची, बाहेरून दव धरलेला. महेश बसनं यायचा, म्हणजे परतताना स्कूटरची भानगड नको. ती मुलगी आम्हाला ओळखायला लागली. "ताई, तुमची कडू ना?" एकदा तिनं टाक्यांपाशी नेऊन हॉप्स दाखवले, ज्यांच्यामुळे बिअरला कडूपणा येतो ती वाळकी हिरवी फुलं. मी हातावर चुरडून वास घेतला. रात्री चपात्या लाटतानासुद्धा बोटांना तो वास होता आणि मला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. नंतर जे झालं त्यामुळे आधीचं खोटं ठरवावं असं मला वाटत नाही.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मी विषय काढला. आठवडाभर मनात घोळत होता. दोन घोट पोटात गेल्यावर म्हटलं,

"महेश, आपण दत्तक घ्यायचं का?"

त्यानं ग्लास टेबलावर गोल फिरवला. खाली पाण्याचं वर्तुळ उमटलं होतं, ते पुसलं.

"त्याला वेटिंग असतं."

"असू दे ना. लागतील दोन-चार वर्षं."

"तेच म्हणतोय. मला आता वाट नाही बघता येणार, शुभा. कसलीच. फोन वाजला की उचलवत नाही मला. मशीन बंद पडलं म्हणून कामगाराचा फोन आला, तरी उचलवत नाही."

"मी बघते वाट. तू नुसता बरोबर राहा."

"बरोबर राहणं म्हणजे वाट बघणंच झालं ना, यार." तो चिडला नव्हता. चिडला असता तर मी भांडले असते. "माझ्यात काही उरलं नाही गं. तुला खोटं हो म्हणू का? म्हणतो हवं तर."

घाटकोपरच्या त्या गृहस्थाचा आवाज मला एकदम आठवला. तोही असाच शांत होता. पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळे टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "खोटं नको म्हणू." आणि ग्लास संपवला. त्या दिवशी तो कडू लागला, आणि नुसताच कडू लागला. वास नाही, साल नाही, काही नाही.

त्यानंतरही आम्ही गेलो दोन-तीनदा. पण बोलायचं काय? बॉसबद्दल बोललो, सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोललो. मग फोन बाहेर निघाले. तो क्रिकेट बघायचा, मी काही ना काही वर सरकवत बसायची. वेगवेगळ्या बिअरची नावं आम्हाला पाठ झाली होती आणि एकमेकांना विचारायचं काही राहिलं नव्हतं. डिसेंबर लागला तेव्हा त्यानं शुक्रवारचा ओव्हरटाइम घेतला. मी म्हटलं, बरं. मी एकटी एकदा गेले. ती मुलगी सोडून गेली होती. नवीन माणूस म्हणाला, ती कडू बिअर सीझनल होती मॅडम, आता दुसरी आहे, स्ट्रॉबेरीची. मी पाणी पिऊन बाहेर पडले.

लोकांना वाटतं, असं काही झालं की नवराबायको तुटतात किंवा घट्ट होतात. आमचं दोन्ही झालं नाही. आम्ही भांडत नाही. तो माझ्या बीपीच्या गोळ्या आणतो, मी त्याचा डबा भरते. लग्नकार्याला जोडीनं जातो. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आजारात आम्ही दोघांनी रात्री वाटून घेतल्या होत्या, आणि हॉस्पिटलमधली माणसं म्हणायची, किती छान जोडी आहे. त्या गेल्यावर त्यांची लहान खोली रिकामी झाली. घर घेताना ती खोली कुणासाठी म्हणून घेतली होती, ते आम्ही दोघंही जाणून होतो. त्यांना ती तात्पुरती दिली होती. आता तिथे महेश झोपतो. सुरुवातीला कारण होतं: तो घोरतो. आता कुणी कारण विचारत नाही.

कधी कधी मी स्वतःशी हिशेब लावून बघते, की त्या शुक्रवारी मी विषय काढला नसता तर? आणखी काही शुक्रवार मिळाले असते. ते हसणं अजून थोडं चाललं असतं. पण कधीतरी बोलले असतेच, आणि त्यानं तेच उत्तर दिलं असतं. त्याचं उत्तर खरं होतं. माझा प्रश्नही खरा होता. दोघांपैकी कुणी चुकलं असतं तर बरं झालं असतं. माफ तरी करता आलं असतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे ऑफिसात पुन्हा तेच दिवस आहेत. टेबलावर डेंग्यूचे कागद, रोजच्या मीटिंगा, साहेब बदलला पण पेन आपटणं तेच. गेल्या शुक्रवारी फार दमले होते. मुलुंडला स्टेशनवरून घरी येताना वाइन शॉपच्या फ्रीजमध्ये त्या बारमधल्यासारख्या क्राफ्ट बिअरचे कॅन दिसले. हल्ली त्या कॅनमध्येही मिळतात, वर रंगीत चित्रं असतात. ओढणी सावरत आत गेले आणि दोन कॅन घेतले. दुकानदारानं ते काळ्या पिशवीत घालून दिले.

घरी पोचले तर महेश टीव्हीसमोर होता.

"बिअर आणलीय," मी म्हटलं. "क्राफ्टवाली. थंड आहे अजून."

त्यानं आवाज कमी केला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तो काहीतरी म्हणणार आहे. त्यालाही तसंच वाटलं असावं.

"तू घे," तो म्हणाला. "माझी ठेव. उद्या बघू."

मी कपडे बदलले, आमटी गरम करायला ठेवली आणि ओट्याशी उभी राहून माझा कॅन प्यायले, स्टीलच्या पेल्यात ओतून. चांगली होती बिअर. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी कठड्यावरच्या गाद्या आत घेत होतं. आमटीला उकळी आली, मी गॅस बारीक केला आणि पेला विसळून पालथा घातला.

त्याला आज आठवडा झाला. महेशचा कॅन फ्रीजमध्ये आहे, इडलीच्या पिठाच्या डब्यामागे. रोज सकाळी दुधाची पिशवी काढताना हाताला लागतो. मी तो जरा बाजूला सरकवते, पिशवी काढते आणि फ्रीजचं दार लावते.